मैदानाबाहेरच्या खुर्च्या

परवा नातवाला क्रिकेटच्या क्लासला घेऊन गेले होते. एरवी त्याला चिरंजीव नाहीतर सूनबाई सोडतात, पण त्या दिवशी दोघांच्याही मीटिंगा, म्हणून ही कामगिरी आजीकडे आली. रिक्षाने गेलो. अंतर सव्वा किलोमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मैदान छान आहे. जाळ्या लावून दोन पट्ट्या केल्यात आणि जाळीबाहेर पालकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. पस्तीस वर्षं शाळेत काढल्यामुळे कुठेही गेलं की आधी पट मोजायची खोड आहे. जाळीच्या आत मुलं बावीस. बाहेर मोठी माणसं अठरा, माझ्यासकट. त्यातली अकरा खुर्च्यांवर, सहा आपापल्या गाड्यांत काचा वर करून. ही सतराही माणसं मोबाइलमध्ये (मीही होते, खोटं कशाला बोलू, बहिणीचा मेसेज आला होता). अठरावी एक बाई. सलवार कमीज आणि पायात बूट घालून ती मैदानाच्या कडेकडेने फेऱ्या मारत होती. तिच्याकडे बाकीचे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेने आमच्या लहानपणी लोक सायकलवरून जाणाऱ्या बाईकडे बघत.

मग मी मोबाइल पिशवीत टाकला आणि घड्याळ लावून बसले. पाच ते सहा असा एक तासाचा क्लास. त्यात आमचा नातू प्रत्यक्ष पळाला, वाकला, उडी मारली, चेंडू टाकला, अशी सगळी मिळून मिनिटं भरली तेरा. उरलेली सत्तेचाळीस तो रांगेत उभा होता. बावीस मुलं आणि दोन पट्ट्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? सरांचा दोष नाही. तो मुलगा बिचारा घसा फुटेपर्यंत ओरडत होता आणि स्वतः मात्र सगळ्यांत जास्त धावत होता.

आठवड्यातून तीन दिवस क्लास. म्हणजे आठवड्याला एकोणचाळीस मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत पाच ते सतरा वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी असं म्हटलंय. दिवसाला साठ, आणि आपण आठवड्याला एकोणचाळीस देऊन "मुलाला स्पोर्ट्सला घातलंय हो" असं सांगत हिंडतो.

ही गोष्ट मी घरी जेवताना काढली नसती, तर हा लेख झाला नसता. पण काढली. त्याला निमित्तही झालं. सरांनी मुलांना एक वही दिली आहे. रोज घरी दोरीवरच्या शंभर उड्या मारायच्या आणि पालकांनी सही करायची. रविवारी रात्री सूनबाईंनी सातही दिवसांच्या सह्या एकदम ठोकल्या. मी अशा सह्या पस्तीस वर्षं ओळखत आले आहे. शाई एक, तिरकेपणा एक. मी नातवाला म्हटलं, "अरे, उड्या न मारता सही कशी घेतोस?" तो पोळीचा तुकडा तोडत शांतपणे म्हणाला, "बाबा पण कुठे मारतात?"

नऊ वर्षांचं पोर. चिरंजीव म्हणाले, "मी ऑफिसात दमतो, आणि त्याचं वय आहे खेळायचं, माझं नाही." सूनबाई म्हणाल्या, "क्लास लावलाय ना आई, फी भरतोय, नेतोय, आणतोय, अजून काय करायचं?" दोघंही रागावले. तेव्हा मी गप्प बसले, कारण जेवताना वाद घालू नये असं मीच त्यांना शिकवलं आहे. पण इथे माझं पान आहे, इथे बोलते.

माझं म्हणणं एवढंच आहे की व्यायाम ही फी भरून मुलाला लावून देण्याची गोष्ट नाही. गणिताचा क्लास लावता येतो, कारण बापाला गणित येत नसलं तरी मुलाला येऊ शकतं. पण शरीर हलवणं हे गणितापेक्षा जेवणाखाणाच्या जवळचं आहे. घरात जे शिजतं ते मूल खातं. ज्या घरात संध्याकाळी सगळे बसतात, त्या घरातलं मूल बसायला शिकतं. त्याला तुम्ही आठवड्यातून तीनदा दुसरीकडे नेऊन हलवून आणलंत, तरी परत आणून बसवता त्याच सोफ्यावर.

आता मंडळी, दुसऱ्याला बोल लावण्याआधी स्वतःचं पाप सांगते. मी मराठी आणि इतिहास शिकवायची. दहावीला व्याकरण कधीच पुरं व्हायचं नाही. जानेवारी उजाडला की मी, गणिताच्या बाई, विज्ञानाचे सर, अशी आमची पी.टी.च्या तासावर झुंबड उडायची. पी.टी.चे सर सज्जन. "न्या बाई, न्या" म्हणायचे. मुलं वर्गात समास सोडवत बसायची आणि सर रिकाम्या मैदानावर फक्की टाकून रेघा आखत असायचे, स्नेहसंमेलनाच्या खेळांसाठी. तीनशे मुलांच्या शाळेत मैदानावर एकटा माणूस. ते चित्र तेव्हा मला कधी खुपलं नाही. आता खुपतं.

याहून वाईट पुढेच आहे. मुलानं गृहपाठ केला नाही की काय शिक्षा? मैदानाला पाच चकरा. वर्गात बोलला? वीस उठाबशा. आणि वर्ग शहाण्यासारखा वागला तर बक्षीस काय? तर शेवटचा तास बसून गप्पा. म्हणजे धावणं ही शिक्षा आणि बसणं हे बक्षीस, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं, अभ्यासक्रमात नसताना शिकवलं, आणि तो एकच धडा मुलांनी आयुष्यभर लक्षात ठेवला. माझे जे विद्यार्थी हे वाचतात त्यांची (आता पन्नाशीला आलात रे!) मी याबद्दल माफी मागते. समासाबद्दल नाही मागणार.

असो. तर मुद्दा असा की शाळेवर भरवसा ठेवू नका, आतून बघितलेली बाई सांगते आहे.

"आई-बापांनी केलं तर मुलं करतात याला पुरावा काय?" असं माझा धाकटा भाचा विचारणार हे मला ठाऊक आहे, तो इंजिनियर आहे. तर घे. अमेरिकेत बॉस्टनजवळ फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. हृदयरोगाचा अभ्यास तिथे १९४८ पासून चालला आहे, डॉक्टर मंडळींना हे नाव पाठ असतं. तिथेच चार ते सात वर्षांच्या शंभर मुलांचा आणि त्यांच्या आई-वडिलांचा एक अभ्यास झाला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. मुलांना आणि आई-बापांना हालचाल मोजणारं छोटं यंत्र लावलं होतं, म्हणजे "आम्ही रोज चालतो हो" असल्या तोंडच्या वाफा नाहीत. निष्पन्न काय झालं? आई चळवळी असेल तर मूल चळवळं असण्याची शक्यता दुप्पट. वडील असतील तर साडेतीन पट. आणि दोघंही असतील तर ५.८ पट.

मास्तरकी अंगात आहे म्हणून दुसरी बाजूही सांगते. शंभर म्हणजे फार मुलं नव्हेत, आणि अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच म्हटलंय की यात अनुकरण असेल, एकत्र खेळणं असेल, आई-बापांचं प्रोत्साहन असेल आणि काही भाग रक्तातूनही आला असेल. पण एक बघा. रक्त आपल्या हातात नाही. उरलेल्या तिन्ही गोष्टी आहेत, आणि तिन्ही खुर्चीवर बसून होत नाहीत. प्रोत्साहनसुद्धा चळवळ्या आई-बापांचं असतं तेव्हा लागू पडतं.

पण या लेखाला माझ्याच घरातून एक आडवी फांदी येते, ती तोडून पुढे जाता येणार नाही.

आमचे वडील, अण्णा, औंधच्या शाळेत शिकले. साताऱ्याच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पुण्यातलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) म्हणजे अजब माणूस. चित्रकार, कीर्तनकार, आणि १९३९ साली आपणहून प्रजेच्या हाती कारभार देणारे. सूर्यनमस्काराचा आज जो घरोघर बोलबाला आहे त्याचं मोठं श्रेय त्यांना जातं. त्यांनी संस्थानातल्या शाळांत नमस्कार सुरू केले, पुस्तक लिहिलं, त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ साली लंडनहून निघालं. पण मला त्यांचं कौतुक वाटतं ते वेगळ्याच कारणासाठी. त्यांनी शाळांना हुकूम देऊन स्वतः लोडाला टेकून बसणं पसंत केलं नाही. ते स्वतः रोज घालत, आणि त्यांच्या घरात राणीसाहेबांपासून मुलांपर्यंत सगळे घालत.

अण्णांनी हा वसा घरी आणला, पण त्यात एक गडबड केली. ते स्वतः पहाटे साडेचारला उठून नमस्कार घालून मोकळे होत. दादाला उठवत साडेपाचला. मग दादा पडवीत नमस्कार घालणार आणि अण्णा हातात छडी घेऊन कडेला उभे राहून मोजणार. पन्नास. एक चुकला की पहिल्यापासून. दादानं अण्णांना नमस्कार घालताना कधी बघितलंच नाही, त्यानं बघितले ते मोजणारे अण्णा. दहावीपर्यंत (तेव्हाची अकरावी) एक दिवस खाडा नाही. पुण्याला कॉलेजला गेला त्या दिवशी सोडले, ते आज ऐंशीला टेकला तरी पुन्हा धरले नाहीत. एकसष्टाव्या वर्षी बायपास झाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर म्हणाला, "माझ्या वाटचं लहानपणीच झालंय." दादा, रागावू नकोस, हे तूच हसत हसत सगळ्यांना सांगतोस.

मी मुलगी, म्हणून माझ्यावर नमस्काराची सक्ती नव्हती. राणीसाहेब घालत असत, पण आमच्या घरापर्यंत तेवढी सुधारणा पोचली नव्हती. मला काय मिळालं? रविवारी अण्णा अजिंक्यताऱ्यावर जात. मी मागे लागून जायची. वाटेत चार भिंतींपाशी थांबून शेंगदाणे-गूळ, मग वर मंगळाईच्या देवळापर्यंत. चढताना अण्णा बोलत. शाळेतल्या खोड्या, बेचाळीसच्या आठवणी, नोकरीतल्या कटकटी. घरात तोंड न उघडणारा माणूस गडावर बोलका व्हायचा. छडी घरीच असायची. दम लागला की दोघंही थांबायचो, दोघांनाही लागायचा.

आज मी त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि रोज चालते. फार मोठा पराक्रम नाही, पण चालल्याशिवाय मला दिवस झाल्यासारखा वाटत नाही. एकाच बापानं एकाला मोजलं आणि एकीला बरोबर नेलं. दोन पोरांवरून नियम काढता येत नाही हे मला कळतं. तरी क्लासच्या मैदानावर ती खुर्च्यांची रांग बघितली तेव्हा मला छडी नसलेले सतरा अण्णा बसल्यासारखे दिसले. सही करणारी वही तरी काय आहे? मोजणंच.

आता बायकांकडे वळते, कारण हा विषय काढला की पुरुष एकच उत्तर देतात: "बायकांना काय, घरकामात व्यायाम होतोच." हे वाक्य मी सासऱ्यांकडून ऐकलं, यजमानांकडून ऐकलं आणि गेल्या महिन्यात चिरंजीवांकडून ऐकलं.

माझी आई पहाटे पाचला उठायची आणि रात्री दहाला पाठ टेकायची. जात्यावर दळायची, आडाचं पाणी शेंदायची. तो व्यायाम होता, कबूल. पुढे गिरणी आली, नळ आला, गॅस आला, मिक्सर आला, आणि आले ते फार बरं झालं, कोणी मला जात्याचे गोडवे सांगू नयेत, मी दळलेलं आहे. पण त्यानंतर राहिलं काय? ओट्यापाशी उभं राहणं. तीन तास उभं राहून पाय सुजतात, दम लागत नाही. आईचं काम कमी झालं नाही, हालचाल तेवढी कमी झाली. पन्नाशीत साखर निघाली. वडील मात्र तेव्हाही रोज संध्याकाळी तासभर मित्रांबरोबर फिरायला जात. त्यांच्या फिरण्याची वेळ आणि आईच्या कुकर लावायची वेळ एकच होती. आईला "चल" असं कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर ती "स्वैपाक कोण करेल?" म्हणाली असती, आणि तो प्रश्न तिथेच लोंबकळत राहिला असता.

हा आमच्या एका घरचा किस्सा नाही. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली एक मोठा अभ्यास आला. त्याप्रमाणे २०२२ साली भारतातली ४९.४ टक्के प्रौढ माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. २००० साली हाच आकडा २२.३ होता. आणि स्त्री-पुरुष वेगळे केले तर? पुरुष ४२ टक्के, बायका ५७ टक्के. घरकामात व्यायाम होत असता तर हे आकडे उलटे नसते का आले? घरकामही हालचालीत धरतात बरं का, ते वगळून नव्हे.

बायकांचा व्यायाम आमच्यात होता, पण तो सणांच्या नावाखाली दडवलेला होता. मंगळागौर! रात्रभर फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा, सूप नाचवणं. फुगडीला जोडीदार कोण? आत्या, मामी, आई, आठ वर्षांची बहीण, जी हाताला लागेल ती. आईला मी फुगडी घालताना बघितलं आहे. पदर खोचलेला, अंबाडा सुटलेला, आणि आई हसते आहे. एरवी हसणारी बाई नव्हती ती. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तिच्या हातांची पकड अजून आठवते.

दोन श्रावणांमागे एका नातेवाइकांकडे (नाव घेत नाही, त्या हे वाचतात) मंगळागौर होती. हॉल घेतलेला. खेळांसाठी ग्रुप बोलावलेला, दहा-बाराजणी एकसारख्या नऊवारीत. त्यांनी दोन तास काय खेळ केले! लाजवाब. त्यातल्या निम्म्या पन्नाशीच्या पुढच्या होत्या. मी एकीला विचारलं, तर म्हणाली आम्ही आठवड्यातून दोनदा सराव करतो, माझी पाठदुखी गेली. मला त्या बायकांबद्दल आदरच वाटला. पण आम्ही काय केलं? ज्यांच्या घरची मंगळागौर त्या सगळ्या खुर्च्यांवर बसून व्हिडिओ काढत होत्या. नवी नवरी सोफ्यावर. नाचल्या त्या, पाठदुखी गेली त्यांची, आणि पैसे दिले आपण. हे म्हणजे पंगतीला माणसं बोलावून त्यांना जेवताना बघत बसण्यासारखं झालं.

शेवटी मला राहवेना. उठले आणि भाचीच्या मुलीला ओढलं. तिला फुगडी म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं, पाय कसे जुळवायचे इथपासून सुरुवात. सहा-सात गिरक्या झाल्या. टाळ्या पडल्या, सगळ्यांनी माझाही व्हिडिओ काढला. एकही उठली नाही. माझे गुडघे पुढे दोन दिवस बोलत होते, तो भाग वेगळा. (गुडघे दुखणाऱ्यांनी फुगडी घालू नये. हे डॉक्टर असलेल्या पुतणीने लिहायला सांगितलं आहे.)

आता सबबींकडे येते. पहिली सबब वेळेची. वेळ नाही म्हणणाऱ्या घरांत क्लासला नेण्या-आणण्यात आणि तिथे बसण्यात आठवड्याचे पाच तास जातात, हे मी बोटांवर मोजून दाखवलं आहे. त्यात सव्वा किलोमीटर जाताना आणि सव्वा येताना चाललं, तर तीन दिवसांचे साडेसात किलोमीटर होतात. मोठ्या माणसांना आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं हालचाल हवी असं तीच आरोग्य संघटना सांगते. साडेसात किलोमीटरला सव्वाशेच्या आसपास मिनिटं लागतील, मुलाच्या पावलानं. म्हणजे तुमची जवळजवळ किमान रक्कम नुसत्या नेण्या-आणण्यात जमा. वर पोराशी बोलणं होतं ते फुकट.

यावर चिरंजीव म्हणतात, "त्या रस्त्यावरून चालायला फुटपाथ आहे का?" नाही. हे त्यांचं खरं आहे, आणि इथे माझं भांडण त्यांच्याशी नाही, फुटपाथवर गाड्या लावणाऱ्यांशी आहे. आमच्या सोसायटीत तर "येथे खेळण्यास मनाई आहे" अशी पाटी आहे, आणि पाटी लावणाऱ्या कमिटीतले तिघे नातवंडांच्या मोबाइलच्या व्यसनाबद्दल माझ्याकडे तक्रार करत असतात. चेंडू गाड्यांना लागतो म्हणे. गाडीला पोचा आला तर दुरुस्त करून मिळतो, एवढं बोलून हा विषय सोडते, नाहीतर पुढच्या सभेत मला बोलू देणार नाहीत.

दुसरी सबब: "व्यायाम करायचा तर नीट करावा, असं चालणं म्हणजे काय व्यायाम?" असं म्हणणारे बहुधा काहीच करत नाहीत. त्यांच्या मनगटाला घड्याळ असतं, त्यात दहा हजार पावलं झाली नाहीत की ते निराश होतात आणि दुसऱ्या दिवशी सोडून देतात. हा दहा हजारांचा आकडा काही वेदवाक्य नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मापक असा होता. तिथून तो जगभर गेला. कमी पावलांनीही पुष्कळ भलं होतं.

आणि साध्या हालचालीचं मोल विचारायचं तर लंडनच्या बसवाल्यांना विचारा. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली दाखवून दिलं की तिथल्या दुमजली बसवर दिवसभर जिने चढणाऱ्या-उतरणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून राहणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. एकच बस, कामं तेवढी वेगळी. पुढे त्याच मॉरिसनी त्यांच्या गणवेशांची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या कमरेचं माप नोकरीला लागतानाच जास्त निघालं; म्हणजे गोष्ट वाटली तेवढी सरळ नव्हती. पण पुढच्या सत्तर वर्षांच्या संशोधनानं मूळ मुद्दा पक्काच केला आहे. मला ती गोष्ट आठवते ती आमच्या पार्किंगमध्ये. मुलांना शाळेत, क्लासला, पोहायला, वाढदिवसाला पोचवता पोचवता आजचे आई-बाप घरातले ड्रायव्हर झाले आहेत.

तिसरी सबब सूनबाईंची, आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या, "आई, तुम्ही म्हणता आई-बापांनी मुलांबरोबर खेळावं. म्हणजे परत मीच. ऑफिस मी, डबा मी, अभ्यास मी, आता दोरीवरच्या उड्या पण मीच. तुम्ही लेखात 'पालक' लिहाल, पण वाचणारे 'आई' असंच वाचतील." मी चपापले. माझ्या आईला "चल" न म्हटल्याचा राग मी पन्नास वर्षं बाळगला, आणि सुनेला मी "चल" म्हणत होते ते स्वैपाक कोण करेल याचा विचार न करता. म्हणून मघाचे फ्रॅमिंगहॅमचे आकडे पुन्हा बघा. आईचे दुप्पट, वडिलांचे साडेतीन पट. बाबा लोकांनी हा साडेतीनचा आकडा फ्रिजवर चिकटवावा.

तर गेल्या तीन आठवड्यांपासून आमच्याकडे शतपावली सुरू आहे. नवीन काही नाही. जेवण झालं की शंभर पावलं चालायची ही रीत आपल्याकडे होतीच, फक्त ती आजोबांपुरती उरली होती. आम्ही शंभरावर थांबत नाही, सोसायटीला चार फेऱ्या होतात. ते "येथे खेळण्यास मनाई" वाल्यांच्या खिडकीखालून जावं लागतं, नातू तिथे मुद्दाम लंगडी घालत जातो. परत आल्यावर दोरी. नातवाच्या शंभर, सूनबाईंच्या चाळीस. चिरंजीवांच्या पहिल्या दिवशी अकरा झाल्या आणि खालच्या मजल्यावरचे वर आले, काय पडलं म्हणून विचारायला. मी मोजत नाही. मी खुर्चीही घेत नाही, भिंतीला धरून टाचा उचलते, तोल सांभाळायचा व्यायाम आहे तो, माझ्या वयाला लागतो.

चिरंजीव रोज येत नाहीत. मागच्या आठवड्यात सात दिवसांपैकी चार आले, त्यातल्या एका दिवशी पूर्ण वेळ फोनवर होते. मी खाडा लिहिला नाही. नातवानं लिहिला. सरांच्या वहीत त्यानं शेवटच्या पानावर तीन रकाने आखले आहेत, आई, बाबा, आजी, आणि सही स्वतःची करतो.

सगळं साडेनऊच्या आत व्हायचं तर जेवण साडेआठला हवं, आणि सूनबाई ऑफिसातून साडेसातला येतात. त्यावर तोडगा असा निघाला आहे की पोळ्या मी करते, भाजी सकाळीच होते आणि कोशिंबीर व ताटं-पाणी चिरंजीवांकडे. भांडी घासायला बाई येतात, पण ओटा पुसायचा कोणी यावरून अजून मिटलेलं नाही. काल कोशिंबिरीत मीठ दोनदा पडलं होतं. सूनबाई काही बोलल्या नाहीत, दही वाढवलं आणि चपला घालून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.